वीणा दुसऱ्याच्या हाती देताना

॥ श्रीगुरवे नमः ॥

कुटुंब अभ्यास पाठ



गेले काही महिने आपल्या गावोगावच्या गटांमधून एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून येतंय. इंदूरच्या एका काकांना नर्मदा परिक्रमेला जायचंय. बेळगावच्या ताईंना एकदा तरी आळंदी ते पंढरपूर पायी चालायचंय. वडोदऱ्याच्या मावशींच्या लेकीचं बाळंतपण हैदराबादला आहे, तिथे दोन महिने तरी राहावं लागेल. कुणाला नुसतंच महिनाभर आईजवळ जाऊन बसायचंय. इच्छा सगळ्यांची खरी आहे. आणि पुढचं वाक्यही सगळ्यांचं सारखंच आहे : "पण माझ्यावाचून इथलं सगळं अडतं हो."

या महिन्याचा अभ्यास आपण त्या वाक्यावरच घेतलाय. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचा. एका बैठकीत संपलं नाही तरी हरकत नाही. जे जाणार आहेत त्यांनी वाचावं, पण जे मागे राहणार आहेत त्यांनी आधी वाचावं, अशी आमची विनंती आहे.

१. अडतं म्हणजे नेमकं काय अडतं?

आमच्या महिला सेवा गटात आम्ही एक साधा अभ्यास केला. प्रत्येकीने सात दिवस आपण जे जे करतो ते वहीत लिहायचं. दूध घेणं, डबे भरणं, सासऱ्यांच्या गोळ्या, कामवाल्या मावशींचा पगार, विजेचं बिल, देवपूजा, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, सगळं. मग त्याचे तीन रकाने करायचे. पहिल्यात, नुसतं सांगितलं तर दुसरं कुणीही करेल अशी कामं. दुसऱ्यात, दुसऱ्याला शिकवावी लागतील अशी. तिसऱ्यात, खरोखर आपल्याशिवाय कुणालाच जमणार नाहीत अशी.

वही उघडताना जवळजवळ सगळ्यांनाच वाटत होतं की तिसरा रकाना भरून वाहणार. प्रत्यक्षात त्यात फार थोडं उरलं. अंगावर पिणारं बाळ. एका आजींचं औषध, कारण त्या सुनेच्या हातूनच घेतात. एक-दोन ठिकाणी सही. बाकी सगळं पहिल्या दोन रकान्यांत गेलं.

मग रोज अडतं ते काय? आम्ही पुन्हा वह्या पाहिल्या तेव्हा लक्षात आलं की काम अडत नाही, माहिती अडते. दूध कुणीही घेईल, पण सोमवारी अर्धा लिटर जास्त घ्यायचं हे एकीच्याच डोक्यात आहे. बिल कुणीही भरेल, पण ग्राहक क्रमांक कुठे लिहिलाय ते तिलाच ठाऊक. दुकानात माल कुणीही देईल, पण कुणाला उधार द्यायचं आणि कुणाला हसून नाही म्हणायचं, हे फक्त दादांना माहीत. आपण घर डोक्यात घेऊन फिरतो, आणि मग डोकं घराबाहेर गेलं की घर अडतं.

"आपला हात जगन्नाथ" ही म्हण आपण अभिमानाने वापरतो. स्वावलंबनासाठी ती चांगलीच आहे. पण घरात एकच हात जगन्नाथ झाला की बाकीचे हात नुसते जेवण्यापुरते उरतात.

२. सप्ताहातली वीणा

आपल्यापैकी बहुतेकांनी अखंड हरिनाम सप्ताह पाहिलाय, अनेकांनी पहाराही केलाय. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नसते. आता विचार करा, हा नेम एकाच माणसावर टाकला असता तर? दुसऱ्या रात्रीच तो झोपेने कोसळला असता आणि वीणाही पडली असती. सप्ताह पार पडतो तो पहाऱ्यांमुळे. पहारेकऱ्यांची नावं आधी ठरतात, वेळा फळ्यावर लिहिल्या जातात. पहाटेच्या पहाऱ्याचा माणूस वेळेच्या आधी येऊन उभा राहतो. वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. नाम थांबत नाही.

यात शिकण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

पहिली, घेणारा आधी ठरलेला असतो. थकवा आल्यावर कुणीतरी शोधायला निघत नाहीत.

दुसरी, देणारा वीणा पूर्ण देतो. गळ्यातून काढतो आणि बाजूला होतो. एक हात तारेवर ठेवून "तुम्ही धरा, पण वाजवतो मीच" असं म्हणत नाही.

तिसरी, पाया दोघेही पडतात. देणारा उपकार करत नाही आणि घेणाराही उपकार करत नाही. वीणा दोघांचीही नाही.

आपल्या घरातली, दुकानातली, ऑफिसातली कामं अशी दिली जातात का? बहुतेक वेळा आपण निघायच्या आदल्या रात्री घाईघाईने सूचना देतो आणि गाडीत बसल्यापासून फोन सुरू करतो. म्हणजे वीणा दिलेलीच नसते.

वारीतल्या दिंड्याही अशाच चालतात. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि आषाढी एकादशीच्या आत पंढरपुरी पोहोचते. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. त्यात विणेकरी वेगळा, पखवाजवाला वेगळा, पताका घेणारे वेगळे, स्वयंपाकाचं सामान घेऊन पुढच्या मुक्कामी जाणारे वेगळे. कुणी एक जण आजारी पडला तर दिंडी थांबत नाही, त्याची जागा मागचा घेतो.

३. बँकेतला नियम काय सांगतो?

आपल्या परिवारात बँकेत नोकरी करणारे पुष्कळ जण आहेत. त्यांना हा नियम ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या परिपत्रकात बँकांना असं बजावलंय की, संवेदनशील जागांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायचं. तेही आधी न कळवता. त्या दिवसांत त्याने आपल्या कामाच्या व्यवस्थेला हात लावायचा नाही.

कारण सरळ आहे. ज्या टेबलावरचा माणूस कधीच उठत नाही, त्या टेबलावर काय चाललंय ते दुसऱ्या कुणाला कळत नाही. गैरप्रकार असेल तर दडून राहतो. गैरप्रकार नसला तरी, तो माणूस अचानक नसला तर काम ठप्प होतं. म्हणून कधीही रजा न घेणारा माणूस बँकेच्या दृष्टीने नुसता कौतुकाचा विषय नाही, तो धोक्याचाही विषय आहे.

आणि आपण मात्र घराघरांत त्याचं कौतुक करतो! "आमच्या ह्यांनी तीस वर्षांत एक मोठी रजा घेतली नाही." केंद्र सरकारच्या नोकरीत अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठवता येते, निवृत्तीच्या वेळी तिचे पैसेही मिळतात. त्या पैशांचा संसाराला आधार होतो, ते नाकारायचं कारण नाही. पण त्यातले तीस-चाळीस दिवस वेळेवर घेतले असते तर आईबरोबर काशी झाली असती, हे वाक्यही आपण निवृत्त काकांच्या तोंडून ऐकतोच.

४. मल्हाररावांनी काय केलं

इंदूर-महेश्वरच्या मंडळींना हा इतिहास घरचाच आहे. मल्हारराव होळकर सतत उत्तरेच्या मोहिमांवर असत. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव गेले. त्यानंतर मल्हाररावांनी सुनेवर, अहिल्याबाईंवर, कारभाराची एकेक जबाबदारी टाकली. वसुलाचा हिशेब, तोफखान्याचं सामान, फौजेला रसद. मोहिमेवरून ते त्यांना पत्रांनी कामं सांगत, आणि त्या पार पाडत.

१७६६ मध्ये मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी मालेरावही गेले. लागोपाठ दोन आघात झाले, पण दौलत कोलमडली नाही, कारण ती चालवायचा सराव असलेली व्यक्ती घरात आधीपासून तयार होती. पुढे १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी महेश्वरहून कारभार केला, तो सगळ्या देशाला माहीत आहे.

आपण अहिल्याबाईंचं चरित्र वाचतो तेव्हा त्यांच्या कर्तृत्वाला वंदन करतोच. या पाठापुरतं मल्हाररावांकडेही पाहू या. स्वतः धडधाकट असताना, दूर असताना, त्यांनी काम दुसऱ्याच्या हाती दिलं. शेवटच्या आजारपणाची वाट पाहिली नाही.

वडोदऱ्याच्या मंडळींसाठी दुसरं उदाहरण. महाराजा सयाजीराव १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले आणि पुढे कितीतरी वेळा दीर्घकाळ परदेशी राहिले. इंग्रज सरकारला ते रुचत नव्हतं. १९०० मध्ये लॉर्ड कर्झनने संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांवर बंधन आणणारं परिपत्रकही काढलं. पण बडोद्याचा कारभार दिवाण आणि अधिकारी चालवत राहिले. आणि महाराज बाहेरून रिकाम्या हाताने आले नाहीत. अमेरिकेतली ग्रंथालयं पाहून आल्यावर १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावलं आणि बडोद्यात गावोगावी ग्रंथालयं उभी राहिली. दूर गेलेला माणूस घराला काही घेऊन येतो, हेही लक्षात ठेवायला हवं.

५. सोपवायची तयारी कशी करायची

जायच्या आधी किमान सहा आठवडे सुरुवात करा. क्रम असा ठेवता येईल.

(अ) वही. एक जाड वही घ्या, मोबाईलमध्ये नको. घरातल्या प्रत्येक गोष्टीचं एक पान. दूधवाला, पेपरवाला, कामवाल्या मावशी, गॅस, वीज, पाणी, सोसायटी, डॉक्टर, औषधं, सणवार. औषधांच्या पानावर गोळीचं नाव, कधी, जेवणाआधी की नंतर, आणि संपायच्या किती दिवस आधी आणायची, एवढं हवंच. वही कुठे ठेवली ते घरातल्या लहानात लहान माणसालाही माहीत असावं.

(आ) मोबाईलचा गुंता. आजकाल निम्मं घर एका मोबाईलमध्ये असतं. गॅस कुणाच्या नंबरवरून नोंदवला जातो? बँकेचा ओटीपी कुठे येतो? तो मोबाईल घेऊन तुम्ही परिक्रमेला गेलात आणि शूलपाणीच्या झाडीत फोन लागला नाही, तर घरी सिलिंडर यायचा कसा? म्हणून जाण्याआधी अशा नोंदींना घरच्या दुसऱ्या माणसाचा नंबर जोडा, किंवा ती बिलं आधीच भरून ठेवा.

(इ) बँक. पुष्कळांना वाटतं की खात्याला नॉमिनी लावला की काम झालं. नॉमिनीला अधिकार मिळतो तो खातेदार गेल्यानंतर. खातेदार हयात आहे पण दूर आहे, किंवा रुग्णालयात आहे, तेव्हा नॉमिनीला एक रुपयाही काढता येत नाही. त्यासाठी दोघांचं संयुक्त खातं हवं, आणि दोघांपैकी कुणालाही एकट्याने व्यवहार करता येईल असं बँकेला लिहून दिलेलं हवं. दोन महिन्यांचा खर्च अशा एका खात्यात ठेवून निघा.

(ई) तारखा. ज्या तारखा चुकवून चालत नाहीत त्या कॅलेंडरवर लाल शाईने. कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, शाळेची फी. दुकान असेल तर दर महिन्याला जीएसटीचं विवरण भरणाऱ्यांची २० तारीख. निवृत्त मंडळींनी आणखी एक पाहावं. नर्मदा परिक्रमा कार्तिकात, देवउठनी एकादशीनंतर सुरू होते, म्हणजे बहुतेक वेळा नोव्हेंबरात. आणि केंद्र सरकारच्या निवृत्तांना हयातीचा दाखलाही नोव्हेंबरातच द्यायचा असतो. ८० वर्षांवरच्यांना तो ऑक्टोबरपासून देता येतो. आता चेहरा दाखवून मोबाईलवरूनही देता येतो, पण हे निघण्याआधीच उरकून घ्या. नाहीतर काठावर बसून जप करताना मनात पेन्शनच चालेल.

(उ) निर्णयाचा अधिकार. हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत राहून जाणारं. नुसती कामं देऊ नका, ठरवायचा अधिकारही द्या. निर्णयांचे तीन भाग पाडा. न विचारता करायचे, करून मग सांगायचे, आणि विचारल्याशिवाय करायचे नाहीत असे. उदाहरणार्थ, पाच हजारांपर्यंतची दुरुस्ती न विचारता. कामवाल्या मावशी सुट्टीवर गेल्या तर दुसरी बाई लावून मग सांगायचं. मुलीच्या स्थळाकडून निरोप आला तर मात्र थांबायचं. रक्कम आपापल्या ऐपतीप्रमाणे ठरवा, पण आकडा लिहा. आकडा नसला की माणूस दर वेळी फोन करतो.

(ऊ) तालीम. आधी एक दिवस, मग तीन दिवस, मग आठ दिवस. एका दिवसाच्या तालमीसाठी गाव सोडायची गरज नाही. बहिणीकडे जाऊन बसा आणि फोन घरच्यांकडे ठेवा. परत आल्यावर विचारा, "कशाकशासाठी माझी आठवण आली?" जितक्या वेळा आठवण आली तितक्या ओळी वहीत कमी आहेत असं समजा. त्या लिहा आणि पुढची तालीम करा. आठ दिवस नीट गेले की दोन महिनेही जातील.

हीच पद्धत आपल्या सेवेलाही लावू या. भांडाराची किल्ली एकाच ताईंकडे, शंभर माणसांच्या खिचडीला तांदूळ-डाळ किती याचा अंदाज एकाच काकांना, असं आपल्या कितीतरी केंद्रांत आहे. ते काका आजारी पडले की उत्सवाच्या सकाळी धावाधाव. म्हणून आमच्या गटाने ठरवलंय की प्रत्येक सेवेपुढे दोन नावं असतील, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या नावाने ती सेवा एकट्याने करायची. पहिल्या नावाने त्या दिवशी समोर बसून नुसता प्रसाद घ्यायचा.

६. मागे राहणाऱ्यांसाठी

जाणाऱ्याच्या वाटेत सगळ्यांत मोठा अडथळा असतो "मदत" या शब्दाचा. "मी तिला मदत करतो" असं घरातले पुरुष प्रेमाने म्हणतात. पण मदत करणारा विचारतो, "आता काय करू?" म्हणजे लक्षात ठेवायचं काम तिच्याकडेच राहतं. जबाबदारी घेणारा विचारत नाही. डाळ संपत आली हे तो स्वतः डबा हलवून पाहतो. म्हणून मागे राहणाऱ्याने मदत करायची नाही, त्या कामाचं लक्ष आपल्याकडे घ्यायचं. ज्या काकांनी आजवर चहापलीकडे स्वयंपाक केलेला नाही त्यांनी सहा आठवड्यांत वरण-भात, पिठलं, दोन भाज्या आणि कुकरच्या शिट्ट्या एवढं शिकलं तरी घर चालतं. पोळ्या विकत आणल्या म्हणून घराण्याचं नाव बुडत नाही.

सुनेने वेगळ्या पद्धतीने काही केलं, तर ती चूक नाही, ती तिची पद्धत आहे. मुलाने दुकानात माल वेगळा मांडला, तर आठ दिवस गिऱ्हाईक बावचळेल, मग सरावेल. मीठ एखादे दिवशी कमी पडेल. एखादं बिल दंडासकट भरावं लागेल. शिकण्याची तेवढी किंमत द्यायची तयारी घराने आधीच ठेवावी.

आणि एक विनंती. जाणाऱ्याला अपराधी वाटेल असं बोलू नका. "जा तुम्ही, आमचं काय, आम्ही बघू कसंतरी" हे वाक्य ऐकून निघालेला माणूस पंढरपुरात पोहोचतो, पण मन दाराशीच राहतं.

७. फोन किती करायचा?

एक वेळ ठरवा. संध्याकाळच्या आरतीनंतर दहा मिनिटं, किंवा दोन दिवसांतून एकदा. खरी अडचण आली तर केव्हाही करायचा, पण खरी अडचण म्हणजे काय ते निघण्यापूर्वी ठरवा. माणसाच्या जिवाशी, मोठ्या रकमेशी किंवा कायद्याशी संबंध असेल तीच. "जिऱ्याचा डबा कुठला?" ही अडचण नव्हे.

जाणाऱ्यानेही पथ्य पाळावं. फोनवर "काय खाल्लं, कसे आहात" विचारा. "फ्रीजचं दार उघडून दाखव बरं" म्हणू नका. घरच्यांनी एखादी गोष्ट निस्तरल्यावर सांगितली तर "मला आधी का नाही विचारलंत?" हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. एकदा ते शब्द गेले की दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक गोष्ट विचारतील, आणि वीणा पुन्हा तुमच्याच गळ्यात येईल.

८. केव्हा जाऊ नये

सगळं सोडून निघालं म्हणजेच भक्ती, असं आम्हाला म्हणायचं नाही. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल आणि दुसरं कुणीच नसेल, मूल अंगावर पीत असेल, किंवा रोजच्या कमाईवर चूल पेटत असेल, तर तिथे दोन महिन्यांचा हट्ट धरायचा नाही. पायी परिक्रमा नाही जमली तर गाडीने पंधरा-वीस दिवसांची होते. पूर्ण वारी नाही जमली तर शेवटचे तीन टप्पे चालता येतात. तेही नाही जमलं तर रविवारचे चार तास.

पण अशा घरांबद्दल आपल्या गटाचंही काही कर्तव्य आहे. आजारी सासूबाईंची सेवा करणाऱ्या ताईंना आपण "धन्य आहात" म्हणतो, फुलांची चित्रं पाठवतो आणि पुढे जातो. त्याऐवजी चार जणींनी मिळून पहारे लावले तर? सोमवारी एक, मंगळवारी दुसरी. तीन आठवडे आधीपासून येऊन आजींना आपली सवय करायची, औषधं समजून घ्यायची, उठवायचं-बसवायचं कसं ते शिकायचं. मग त्या ताई चार दिवस तरी माहेरी जाऊन येतील. सप्ताहात अनोळखी माणसांबरोबर पहारा करतो, तर हा पहारा का नाही?

९. मनातली भीती

इतकं सगळं लिहून, वही करून, तालीम करूनही काही जण निघत नाहीत. तेव्हा खरा अभ्यास सुरू होतो.

आतून एक प्रश्न येतो : "माझ्यावाचून सगळं नीट चाललं तर मग माझी गरज काय?" हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. गृहिणीला तो जास्त टोचतो, कारण तिच्याकडे हुद्दा नसतो, पगाराची पावती नसते. "तू नसलीस तर कसं होणार गं" हेच तिचं मानपत्र. ते हातातून गेलं तर? दुकान चालवणाऱ्या दादांनाही हाच प्रश्न पडतो, फक्त ते त्याला "पोरांना अजून समज नाही" असं नाव देतात.

आम्ही गटात यावर बराच वेळ बोललो. जे उमगलं ते असं. घरच्यांना आपली गरज आहे आणि घरच्यांना आपण हवेसे आहोत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरज कामाची असते. ती दुसरा भागवू शकतो. हवेसे आपण माणूस म्हणून असतो. तिथे दुसरं कुणी बसत नाही. आई गावाला गेल्यावर पोळ्या मिळतात, पण रात्री दार लावताना तिची आठवण येते. ती पोळ्यांची नसते.

आणि दुसरी बाजूही पाहायला हवी. आपण घरच्यांना शिकू दिलं नाही, तर एके दिवशी, आपल्या इच्छेविरुद्ध, अचानक जावं लागतं तेव्हा ते उघडे पडतात. रुग्णालयात दाखल होताना कुणी सहा आठवड्यांची सूचना देत नाही. ज्या घरात सगळं एकाच्या डोक्यात असतं, त्या घरातल्या माणसांना त्या दिवशी दोन संकटं झेलावी लागतात. एक माणसाच्या काळजीचं, दुसरं कागदपत्रं शोधण्याचं. म्हणून आपण परिक्रमेला जावो न जावो, वही लिहिणं हे प्रेमाचंच काम आहे.

"मी करतो म्हणून होतं" ही भावना कमी व्हावी म्हणून आपण सगळे नामाला बसतो. जपमाळेवर ती किती कमी झाली ते कळत नाही. पण महिनाभर घर दुसऱ्याच्या हाती देऊन निघालं की लगेच कळतं.

१०. परत आल्यावर

वारीहून आलेला माणूस घराची तपासणी करायला लागला की सगळं पुण्य उंबऱ्यावरच संपतं. म्हणून पहिले तीन दिवस काहीही बदलायचं नाही. डबे हलवायचे नाहीत, हिशेबाची वही मागायची नाही. आधी ऐकायचं. काय काय झालं ते घरच्यांनी सांगायचं, त्यांच्या फजित्यांवर सगळ्यांनी मिळून हसायचं. मनापासून आभार मानायचे, कारण तुमची वारी त्यांनी घरात बसून केलेली असते.

आणि शेवटची गोष्ट. जी कामं दुसऱ्याच्या हाती गेली होती, त्यातली निदान दोन परत घ्यायची नाहीत. सासऱ्यांच्या गोळ्या मुलाकडेच राहू द्या. रविवारचा स्वयंपाक काकांकडेच राहू द्या. पुढच्या वेळी निघताना ओझं तेवढं हलकं असेल. सगळं परत घेतलं तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच वाक्य : "माझ्यावाचून अडतं हो."

या महिन्याचा गृहपाठ

१. घरातल्या प्रत्येक कमावत्या आणि घर सांभाळणाऱ्या माणसाने सात दिवसांची कामं लिहून तीन रकाने करावेत.

२. रविवारी सगळ्यांनी मिळून रकाने पाहावेत. तिसऱ्या रकान्यातलं एक काम दुसऱ्यात आणता येईल का, ते ठरवावं.

३. वहीची पहिली तीन पानं लिहावीत : औषधं, बँक, चुकवू नयेत अशा तारखा.

४. एका दिवसाची तालीम करावी.

५. आपल्या गटात कुणाच्या घरी आजारी माणूस आहे ते पाहून एका दुपारचा तरी पहारा मागून घ्यावा.

घरात बोलण्यासाठी प्रश्न

आपल्या घरात कोणती माहिती फक्त एकाच माणसाकडे आहे? आपण कुणाला काम दिलंय, पण अधिकार दिलेला नाही? आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा, "तुला दोन महिने मोकळे मिळाले तर कुठे जाशील?" या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीपासून माहीत आहे असं धरून चालू नका. आईला तर जरूर विचारा, आणि ती "मला कुठे जायचंय" म्हणाली तरी थोडा वेळ थांबा. दुसरं उत्तर त्याच्यामागून येतं.

तालमीत काय अनुभव आला ते आपापल्या कुटुंब गटात थोडक्यात लिहा. फजिती झाली असेल तर तीही लिहा, इतरांना धीर येईल.

सद्गुरुचरणी सर्वांच्या वतीने नमस्कार.

आपल्या,
महिला सेवा गट, अभ्यास विभाग